डाय निवडेपर्यंतची खोली

माझ्या संसाराच्या पहिल्या खोलीत पलंग नव्हता, कपाट नव्हतं, पण एक जाड लाकडी टेबल होतं आणि त्या टेबलाला बोल्ट मारून बसवलेला एक लोखंडी प्रेस होता. त्याला हापशासारखा लांब दांडा. त्या दांड्याला मी बाजाराची पिशवी अडकवायची. कांदेसुद्धा तिथेच टांगलेले असायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे लिंबू पिळायचं यंत्र असेल, अरबांची लिंबं मोठी असतील. हे हसले. म्हणाले, "अगं, ह्याच्यात बंदुकीची काडतुसं भरतात." त्यानंतर दोन दिवस मी कांदे जमिनीवर ठेवले. मग भीती गेली आणि कांदे परत वर गेले.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. हे दोह्याला टर्नर होते. इंडस्ट्रियल एरियात वर्कशॉप होतं, तिथे लेथवर काम. बाकीची माणसं तिथेच कॅम्पात, एकावर एक खाटांच्या खोल्यांत राहायची. बायको आणायची तर खोली पाहिजे, आणि खोली ह्यांच्याकडे कुठली? पण ह्यांच्या वर्कशॉपच्या मालकांना बंदुकीचा नाद होता. त्यांचं घर अल नस्र वस्तीच्या पलीकडे, मोठं अंगण, अंगणात बोरीचं झाड आणि भिंतीला लागून एक सुटी खोली. ती खोली त्यांनी काडतुसं भरायला म्हणून बांधून घेतलेली. लंडनला गेले असताना प्रेस आणला. पण प्रेसमध्ये जी बसवायची ती डाय काही आणली नाही, कारण कुठली घ्यावी ते ठरेना. म्हणजे घरात सोऱ्या आहे, पण चकती नाही, असं झालं. मग चकली कशी पडणार? खोली रिकामी पडून होती.

मालक लहानपणी वडिलांबरोबर खजूर घेऊन मुंबईला यायचे. त्यामुळे त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा बरं. ह्यांनी एकदा भीत भीत खोलीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "रहो. जब तक डाय नहीं आता, तब तक रहो. डाय आया, तो कमरा मेरा, तू कॅम्प में, और बीवी गाव में. ठीक?"

हे म्हणाले ठीक. असं मी विमानात बसून दोह्याला आले. कोणाची बायको व्हिसावर राहते, कोणाची नोकरीवर राहते. मी डायवर राहिले.

डाय म्हणजे काय, ते मला पुढे कळलं, कारण वर्षभर दर शुक्रवारी मी तेच ऐकलं. गोळी सुटली की काडतुसाची पितळी पुंगळी मागे राहते. ती तापून जरा फुगलेली असते. तिच्यात परत दारू न् गोळी भरायची तर आधी तिला दाबून मापात आणावं लागतं. तेवढ्यासाठी पोलादाची पोकळ डाय. पुंगळी प्रेसवर ठेवायची, दांडा खाली ओढायचा, पुंगळी डायमध्ये वर शिरते आणि मापाची होऊन बाहेर येते. एवढंच. पण डाय दोन तऱ्हेची मिळायची. एक पुंगळीचं सगळं अंग दाबायची. दुसरी नुसता गळा दाबायची. ह्या दोन्हींतली कुठली घ्यावी, ह्यावर मालकांचं मन दोन वर्षं डोलत होतं.

शुक्रवारी नमाज झाला की मालक कॅटलॉग घेऊन यायचे. बोरीखालच्या बाकावर बसायचे आणि ह्यांना हाक मारायचे. मी आत, पडद्यामागे. बाहेर परक्या पुरुषासमोर जायची माझी छातीच नव्हती. गावातसुद्धा पोस्टमन आला तर मी सासूबाईंना पुढे करायची. चहा मी करायची, पण कप पडद्याखालून बाहेर सरकवायची आणि हे उचलून न्यायचे.

"तू लोखंड का आदमी है," मालक म्हणायचे. "बोल, कौनसा?"

आणि आमचे हे! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघू, विचार करू, पुढच्या शुक्रवारी सांगतो. पण ह्यांना काही विचारलं की खरं उत्तर द्यायची घाई. पहिल्याच महिन्यात मी पडद्यामागून ऐकलं, हे म्हणत होते, "साब, सीधी बात है. एक ही बंदूक में चलाना है तो गलेवाला लो. पुंगळी जास्ती दिन टिकेगा."

माझ्या हातातली गाळणी खाली पडली.

"गलेवाला," मालक म्हणाले. "पक्का?"

"पक्का."

त्या दिवशी जेवताना मी ह्यांना आमटी वाढली नाही. ह्यांनी भात कोरडाच कालवला, मग विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. तुम्हाला मला गावी पाठवायची एवढी घाई झालीय हे माहीत नव्हतं."

"अगं, त्यांनी विचारलं."

"विचारलं म्हणून लगेच सांगायचं? मुलगी बघून गेल्यावर होकार द्यायला तुमच्या घरच्यांनी किती महिने लावले होते?"

"ती गोष्ट वेगळी. ही डाय आहे."

"मग डायला मुलीपेक्षा कमी वेळ लागतो, असंच ना?"

ह्यांनी भात संपवला आणि म्हणाले, "विचारलं तर मी खोटं नाही सांगणार." हा स्वभाव. वर्कशॉपात सगळे त्यांना मानत ते ह्यामुळेच, पण संसाराला हा स्वभाव जड जातो. माप बरोबर आलं की ह्यांना दुसरं काही दिसत नसे. माझ्या पोळीलासुद्धा एकदा जाडी मोजायचा व्हर्निअर लावून म्हणाले होते, डावीकडे जाड आहे.

मालकांकडे एक ड्रायव्हर होते, रत्नागिरीकडचे मुसलमान, मला वहिनी म्हणायचे आणि मी त्यांना भाई म्हणायची. त्या घरात मराठी बोलणारं तेवढंच एक माणूस. दाराबाहेर उभं राहून बाजाराची पिशवी द्यायचे आणि बातमीही द्यायचे. "वहिनी, आज मालक परत सगल्या अंगवालीकडे झुकलेत. निश्चिंत ऱ्हावा. ह्यो माणूस पंधरा दिवसांत चप्पल घेऊ शकत नाय, डाय काय घेतोय! मी सोबत गेलेलो. दुकानदार रडाया लागला होता."

तेवढ्याने मला जरा धीर यायचा. पण गळ्याची डाय ह्यांनी पक्की सांगितली होती आणि मालक आता पत्र घालायच्या गोष्टी करायला लागले होते.

मग दिवाळी आली. मी चकल्या करायला घेतल्या. गावाहून आणलेला सोऱ्या पिळताना वाकडा झाला, म्हणून भाईंकरवी बाजारातून नवा मागवला. दिसायला हुबेहूब जुन्यासारखा. पण जुन्याची चकती नव्यात बसेना. केसाएवढा फरक, पण बसेना म्हणजे बसेना. ह्यांनी ती चकती खिशात घालून नेली, लेथवर लावली आणि घासून आणली. रात्रभर नाही हो, डबा खायच्या सुट्टीत. चकल्या झाल्या. मी एक ताट मालकांच्या आईला दिलं. त्यांना सगळे उम्मी म्हणायचे. उम्मींना हिंदी येत नव्हतं, मला अरबी येत नव्हतं, त्यामुळे आमचं फार छान जमायचं. त्यांनी चकली दोन्ही बाजूंनी बघितली, कानाशी मोडली, आवाज ऐकला आणि ताट उशाशी ठेवून घेतलं.

चकती घासून आणली तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. मी ह्यांना म्हटलं, "अहो, एक विचारू? दोन सोरे एकसारखे दिसतात, पण एकाची चकती दुसऱ्यात जात नाही. मग मालकांची बंदूक आणि त्यांच्या थोरल्या भावाची बंदूक, दोन्ही थ्री-नॉट-थ्रीच ना? वाळवंटात दोघं एकत्रच जातात, पुंगळ्या एकाच डब्यात जमा करतात. ह्याच्या पुंगळीतली गोळी त्याच्या बंदुकीत जाईल का?"

हे चकली खायचे थांबले. "गळ्याच्या डायने नाही जाणार," म्हणाले. "ज्या बंदुकीत फुगली त्याच बंदुकीत जाईल. हे मी विचारलंच नाही."

"मग विचारा ना," मी म्हटलं. "खोटं थोडंच सांगायचंय? फक्त विचारायचंय."

पुढच्या शुक्रवारी ह्यांनी विचारलं. मालकांनी कॅटलॉग मिटला. मग त्यांनी थोरल्या भावाला बोलावणं पाठवलं, आणि आमच्या अंगणात जे सुरू झालं ते उन्हाळ्यापर्यंत चाललं.

थोरले म्हणजे भारदस्त माणूस, दाढी मेंदीने रंगवलेली. त्यांची बंदूक वडिलांची. मालकांनी स्वतःची नंतर घेतलेली. ह्यांनी दोघांच्या पुंगळ्या वेगळ्या केल्या, व्हर्निअर लावला आणि सांगितलं की थोरल्यांच्या पुंगळ्या जास्त फुगतात.

ह्याचा अर्थ एवढाच की थोरल्यांच्या बंदुकीत जागा जरा जास्त. पण थोरल्यांनी तो वडिलांचा अपमान धरला. ते अरबीत बोलत होते, तरी मला सगळं कळत होतं. भावाभावांचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. भाई नंतर येऊन सांगायचे, त्यात फक्त मीठमसाला असायचा.

"थोरले म्हणतात, माझी बंदूक बरोबर हाय, तुझीच घट्ट हाय. वडिलांनी घेतली तवा दुकानदार पण इमानदार होते. धाकले म्हणतात, वडिलांची बंदूक गंजून आतून वाडगा झालाय. थोरले म्हणतात, वाडगा कोनाला म्हनतोस? आणि वहिनी, मग दोगंबी तुमच्या ह्यांच्याकडे बगतात."

"हे काय म्हणाले?"

"खरं सांगितलं. दोन्ही बंदुका चांगल्या, फक्त येकमेकींच्या न्हाईत."

थोरल्यांना सगळं अंग दाबणारी डाय हवी होती, म्हणजे दोघांच्या पुंगळ्या दोघांत चालतील. मालकांना गळ्याची हवी होती, आणि थोरल्यांनी आपली वेगळी घ्यावी. कॅटलॉगची पानं सुटायला आली. एका पानावर चहाचा डाग होता, तो माझ्या कपाचा. मी मनातल्या मनात त्या पानाला नमस्कार करायची. खोलीला पडदा नवा शिवला, खिडकीत पुदिना लावला. आता डाय काही येत नाही, अशा बेताने मी राहायला लागले. भाई एकदा पिशवी देताना म्हणाले, "वहिनी, एक विचारू? ह्यो दोन बंदुकांचा प्रश्न काढला कोनी?"

"ह्यांनी," मी म्हटलं.

"हां," भाई म्हणाले. "त्यास्नी सोऱ्यातलं बरंच कळतं."

पण एक शुक्रवार असा आला की दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून बाकाच्या दोन टोकांना बसले. ते उम्मींनी पाहिलं. त्या काठी टेकत बाहेर आल्या, दोघांच्या मधोमध बसल्या आणि बोलल्या. फार नाही बोलल्या. शेवटी "खलास" म्हणाल्या, ते मला कळलं. बाकीचं भाईंनी सांगितलं: दोघांनी मिळून एकच घ्यायची, जी दोघांना चालेल ती. नाहीतर दोन्ही बंदुका समुद्रात टाकीन.

म्हणजे सगळं अंग दाबणारी. थोरल्यांना आवडली म्हणून, आणि मालकांना आईने सांगितली म्हणून. एवढ्या महिन्यांचं काम म्हातारीने चहा निवायच्या आत केलं. मला त्या बाईचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याकडे ताक पाठवलं नाही.

लंडनहून येणाऱ्या कोणाबरोबर डबा आला. लाल रंगाचा छोटा डबा, आत कापसात ठेवल्यासारखी डाय. हे घरी घेऊन आले, तपासायला म्हणून. दिव्याखाली धरून म्हणाले, "काय फिनिश आहे बघ." मला ती बघवेना. एवढीशी वस्तू, माझ्या मुठीत मावेल, आणि माझा संसार उठवून चालली होती.

मालक म्हणाले, पुढच्या शुक्रवारी पहिलं काडतूस भरू, मग शनिवारी खोली मोकळी करा. वाईट बोलले नाहीत. उलट माझ्यासाठी उम्मींनी साडीला म्हणून रेशमी कापड दिलं. म्हणजे नक्कीच जायचं होतं.

मी पेटी भरली, दोराने बांधली. पुदिना भाईंना देऊन टाकला. गुरुवारी हे कामावर गेले तेव्हा पुंगळ्यांचं एक मोठं ताट टेबलावर ठेवून गेले होते. शुक्रवारची तयारी. मी खोली आवरायला घेतली. आमच्याकडे दुसऱ्याची जागा सोडताना ती घेतली त्याहून स्वच्छ करून द्यायची असते. फरशी पुसली, स्टोव्हमागची भिंत घासली, प्रेसच्या दांड्यावरचा कांद्याचा वास सोडा लावून काढला. मग ते ताट दिसलं. पितळ, आणि सगळं तेलकट! बोट लावलं तर चिकट. म्हटलं, ह्या माणसाला माप कळतं, पण पितळ कसं ठेवायचं ते कळत नाही. उद्या अंगणात दोन्ही भाऊ बसणार, उम्मी बसणार, आणि माझ्या घरातून असलं चिकट पितळ बाहेर जाणार? माझ्या मागे लोक काय म्हणतील?

चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि एकेक पुंगळी घासली. आतून, बाहेरून. बाटली घासायचा ब्रश होता, तो चांगला उपयोगी पडला. धुतल्या, पुसल्या, बोरीच्या सावलीबाहेर फडक्यावर वाळत घातल्या. अशा चमकायला लागल्या की उम्मी आपल्या दारातून उठून बघायला आल्या. एक हातात घेतली, त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि माझ्या गालाला हात लावला. मी रडले. त्यांना वाटलं, कौतुकाने.

हे संध्याकाळी आले ते सरळ पेटीवर बसले. ताटाकडे ह्यांनी पाहिलंही नाही. ताट मी फडक्याने झाकून ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

शुक्रवारी सगळे जमले. टेबल खोलीतच होतं, म्हणून मालक आणि थोरले आत आले आणि मी मागच्या दाराच्या पडद्याआड गेले. उम्मींची खुर्ची उंबऱ्यात. ताटावरचं फडकं काढलं तसे थोरले म्हणाले, "माशाल्ला!" मालकांनी प्रेसमध्ये डाय बसवली, पहिली पुंगळी ठेवली, बिस्मिल्ला म्हणाले आणि दांडा ओढला.

पुंगळी वर गेली. खाली येईना.

मालकांनी दांडा वर ढकलला. मग जोर लावला. मग थोरले म्हणाले, तुला ताकद नाही, आणि त्यांनी ढकलला. मग दोघांनी मिळून. टेबलाचे दोन पाय जमिनीवरून उठले. भाई धावत आले आणि टेबलावर चढून बसले, तर टेबल भाईंसकट उठलं. "यल्ला, यल्ला!" उम्मी खुर्चीतून काठी आपटत होत्या. मग टक् असा आवाज झाला. पुंगळीची खालची कड तुटून हातात आली, आणि पुंगळी राहिली डायमध्ये, बुचासारखी घट्ट.

 हे पुढे झाले. ताटातली एक पुंगळी उचलली, अंगठा फिरवला. परत फिरवला. मग वास घेतला.

"अगं," ते पडद्याकडे बघून म्हणाले. "ह्याचं तेल कुठे गेलं?"

मालक, थोरले, भाई, सगळे पडद्याकडे वळले. मला मागच्या दाराने पळावंसं वाटलं. पण विचारलं होतं, आणि लग्नाच्या इतक्या दिवसांत ह्यांची थोडी सवय मलाही लागली होती.

"काढलं," मी म्हटलं.

"का?"

"चिकट होतं."

हे कपाळावर हात मारून बसले. ते तेल मुद्दाम लावलं होतं. तेल नसलं की पुंगळी डायमध्ये रुतून बसते, हे त्या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक. मलाच ठाऊक नव्हतं, आणि हे सांगायला विसरले होते, कारण पितळाला तेल लावलेलं बघून बाई चिंच काढेल हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. भाईंनी मालकांना हिंदीत समजावलं, मालकांनी उम्मींना अरबीत. उम्मींनी ऐकलं, आदल्या दिवशी चमक बघून ठेवून घेतलेली पुंगळी झग्याच्या खिशातून काढली, हुंगली आणि हसायला लागल्या. ते हसू थांबेना. थोरल्यांनी पाणी दिलं, तर ते पाणीही नाकातून आलं.

मालक मात्र हसत नव्हते. डाय हातात धरून बसले होते. इतके महिने निवडलेली डाय, आणि पहिल्याच पुंगळीला बुजली.

"दीजिए," हे म्हणाले. भाईंना गाडी काढायला लावली, वर्कशॉपातून ड्रिल, आटे पाडायचा टॅप आणि नट-बोल्ट आणले. बाकावर बसून अडकलेल्या पुंगळीच्या बुडाला भोक पाडलं, त्यात आटे पाडले, वर एक जाड कडं ठेवून बोल्ट फिरवला. दोन्ही भाऊ ह्यांच्या दोन बाजूंना वाकून. पुंगळी हळूहळू बाहेर आली आणि टुणकन बाकाखाली पडली. ह्यांनी डाय उन्हाकडे धरून आत बघितलं. "ओरखडा नाही," म्हणाले.

मग ताटातल्या पुंगळीला बोटाने थोडं तेल चोळलं, प्रेसवर ठेवली, आणि मालकांनी दांडा ओढला. वर गेली, खाली आली. लोण्यातून आल्यासारखी.

मालकांनी तेरा वेळा तरी... नाही, किती ते मी मोजलं नाही, पण खूप वेळा केलं. मग थांबून ह्यांना म्हणाले, "कल फिर अटका तो?"

"फिर निकालूंगा."

"तू तो कॅम्प में होगा."

ह्यांनी फडक्याने हात पुसले. खोटं बोलत नाहीत ना! फोन करा, मी येईन, एवढं म्हणायलासुद्धा ह्यांना अंतर मोजावं लागलं असतं. थोरलेच मध्ये बोलले. भाईंनी नंतर सांगितलं ते असं: "तू डाय निवडायला दोन वर्षं लावलीस, अक्कल नाही. आता डाय इथे आणि तिचा डॉक्टर इंडस्ट्रियल एरियात ठेवतोस?"

उम्मींनी काठीने टेबलाकडे दाखवलं, मग बोरीच्या झाडाखाली दाखवलं.

त्याच दुपारी टेबल बाहेर गेलं. झाडाखाली पत्र्याची पडवी काढायचं ठरलं, आणि ती ह्यांनीच पुढे बांधली. मालक जाताना पडद्यापाशी थांबले. माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "बेटी, कमरा तेरा. लेकिन तेल को हाथ नहीं लगाना."

मी आतून "जी" म्हटलं.

पुढे दर गुरुवारी उम्मींकडून पुंगळ्यांचं ताट यायचं, त्यात चिंचेचा गोळा ठेवलेला. घासायच्या मी, तेल लावायचे हे, आणि तेल लावलेल्या पुंगळ्या हे पत्र्याच्या डब्यात कुलूप घालून ठेवायचे. किल्ली स्वतःच्या करगोट्याला. भाईंनी पुदिना परत आणून दिला, म्हणाले, मला ठाऊक होतं म्हणून पाणी घालत होतो. पेटीचा दोर मी सोडला आणि खिडकीपासून बोरीपर्यंत बांधला. पुढे आमच्या थोरल्या लेकीची दुपटी त्याच दोरावर वाळली.